पत्र्याची पट्टी लॉकरमधून बाहेर कशी काढायची: शॉप फ्लोअरवरच्या कोचिंगची पद्धत

भोसरीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये खंडेनवमीच्या साफसफाईच्या दिवशी दोन गोष्टी पडून होत्या. एक सजेशन बॉक्समध्ये. वर्षभरात आत चार चिठ्ठ्या पडल्या होत्या: दोन कँटीनच्या चहाबद्दल, एक संडासाच्या गळक्या नळाबद्दल आणि एक कोरी. दुसरी गोष्ट, जी तेव्हा कुणाच्याच नजरेस आली नाही, होती सीएनसी लेथच्या (संगणकावर चालणाऱ्या लेथ मशीनच्या) सेटरच्या, म्हणजे प्रत्येक नव्या कामासाठी मशीन लावून देणाऱ्या कारागिराच्या लॉकरमध्ये. स्क्रॅपमधून कापलेली बोटभर रुंद पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर कानशीने घासून पाडलेल्या तीन खाचा. चकच्या (जॉब पकडून फिरवणाऱ्या पकडीच्या) कडेला ती पट्टी टेकवली, की कुठल्या जॉबसाठी, म्हणजे कापायच्या तुकड्यासाठी, जॉ (चकचा जबडा) किती आत बसवायचा हे मोजपट्टी न लावता कळायचं. तीन वर्षं तो गडी ती गुपचूप वापरत होता. आधी एकदा त्याने असंच काहीतरी करून दाखवलं, तेव्हा वरून "ड्रॉइंगमध्ये आहे का हे?" एवढंच उत्तर आलं होतं.

मालकांना पट्टीचा पत्ता नव्हता. ते मला चिठ्ठ्या दाखवत म्हणाले, "बघा, आमच्या लोकांना डोकंच चालवायचं नाही."

त्यानंतरच्या चार आठवड्यांत तिथे काय केलं, ते इथे क्रमाने सांगतो. तुमचं शॉप चाकणला असो, अंबडला असो की शिरोलीला, मशीन वेगळं असेल, पण क्रम हाच ठेवा.

कोचिंग म्हटलं की आपल्याकडे दहावी-बारावीचा क्लास डोळ्यांसमोर येतो. फळ्यापाशी उभे सर, खाली वही उघडून बसलेली पोरं. इथे त्यातलं काहीच नाही. ज्याच्या हातात काम आहे त्याला विचारायचं, त्याला छोटा प्रयोग करू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचं. टोयोटाची सूचना योजना १९५१ सालची. एइजी टोयोदा आदल्या वर्षी अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहून आले होते, तिथल्या योजनेवरून ती घेतलेली. पेट्या जगभर लागल्या, आपल्याकडेही लागल्या. पेटीच्या मागे रोज मशीनपाशी येऊन प्रश्न विचारणारा साहेब मात्र फार थोड्या ठिकाणी आला. टोयोटातल्या वरिष्ठांची ही रोजची सवय माइक रॉदर या अमेरिकन अभ्यासकाने बरीच वर्षं न्याहाळली आणि २००९ साली पाच प्रश्नांत मांडली. ते प्रश्न पुढे येतीलच.

आधी मालकाने शब्द द्यायचा

पहिली पायरी मालकाची किंवा प्लांट हेडची. दुसऱ्या कुणाला ती जमणार नाही.

ऑपरेटरच्या डोक्यातला हिशेब साधा असतो. सेटिंगची वीस मिनिटं मी वाचवली, तर उद्या टार्गेट तेवढ्या जॉबने वाढणार. दोघांचं काम एकट्याने होतंय असं दिसलं, तर दुसरा घरी जाणार, आणि तो बहुतेक कंत्राटावरचा, माझ्याच गावाकडून आलेला. हा हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. अनुभवातूनच आलाय तो.

म्हणून शिफ्ट सुरू होताना सगळ्यांसमोर तीन गोष्टी सांगायच्या. या प्रयोगांमुळे कुणाचं काम जाणार नाही, कंत्राटी माणसाचंही नाही. वाचलेल्या वेळेच्या जोरावर पुढचे सहा महिने टार्गेट वाढणार नाही. प्रयोगात बिघडलेले ठरलेल्या संख्येइतके जॉब कंपनीच्या खात्यावर. ओव्हरटाइम कमी होण्याची शक्यता असेल तर तेही तेव्हाच बोला, कारण कित्येकांच्या घराचा हप्ता ओव्हरटाइमवर चालतो. युनियन असेल तर कमिटीला आदल्या दिवशीच भेटा. नोटीस बोर्डावरून कळलं तर पुढचं सगळं तिथेच अडतं.

हा शब्द देणं जमत नसेल तर हा लेख इथेच मिटा. अर्धा शब्द देऊन सुरू केलेलं कोचिंग मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात टार्गेट वाढलं आणि माणसं पुन्हा गप्प झाली. त्यानंतर त्यांना बोलतं करायला नव्या पेटीचा उपयोग होत नाही.

भोसरीच्या मालकांनी रोकडा प्रश्न विचारला, "मग यात माझं काय?" दिवसाला दोन सेटिंग होतात. प्रत्येकात अर्धा तास वाचला तर नवं मशीन न घेता रोज तासभर मशीन मोकळं मिळतं, आणि आज परत पाठवता त्या छोट्या ऑर्डर घेता येतात. त्यांनी मनातल्या मनात मशीनचा तासाचा रेट लावला असणार. शब्द दिला.

एक मशीन, एक त्रास, एक आकडा

सगळ्या शॉपला एकदम कोचिंग सुरू करू नका. एक सुपरवायझर, एक सेटर, एक मशीन. कोच म्हणून लाइनचाच सुपरवायझर हवा. एचआरचा माणूस नको आणि माझ्यासारखा बाहेरचा तर नकोच, कारण तो बुधवारी येतो आणि त्रास गुरुवारी होतो. आणखी एक माणूस लागतो: प्रॉडक्शन मॅनेजर. आठवड्यातून दोनदा त्याने मागे उभं राहून सुपरवायझरचं बोलणं ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. सूचना नंतर, बाजूला नेऊन.

आमचा सुपरवायझर डिप्लोमा झालेला, सव्वीस वर्षांचा. सेटर पंचेचाळिशीचा. सगळं शॉप त्याला मामा म्हणतं. अशी जोडी असली की तरुणाला वाटतं, यांना आपण काय शिकवणार. ते बरंच असतं, कारण शिकवायचं नसतंच.

त्रास निवडताना "क्वालिटी सुधारा" असलं काही घेऊ नका. मोजता येईल, रोज घडेल आणि सेटरलाही छळत असेल असं काहीतरी घ्या. आम्ही सेटिंगचा वेळ घेतला. जुन्या जॉबचा शेवटचा पीस निघाल्यापासून नव्या जॉबचा पहिला ओके पीस हातात येईपर्यंतचा. हे दोन टोकांचे बिंदू आधी पक्के करा. नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीने मोजतो, आणि क्वालिटीत गेलेला वेळ कुणाच्याच खात्यात पडत नाही.

मग तीन सेटिंग नुसत्या उभ्याने पाहिल्या. मोबाइलवरचं घड्याळ आणि कागद. काय मोजतोय आणि कशासाठी, हे मामांना आधी सांगितलं. हातात स्टॉपवॉच घेतलेला साहेब दिसला की माणूस एकतर घाई करतो नाहीतर मुद्दाम रेंगाळतो. सरासरी आली ७४ मिनिटं. अॅलन की (षटकोनी किल्ली), जॉ आणि टूल शोधण्यात १४. जॉ बदलून सॉफ्ट जॉ बोअर करण्यात (मऊ जबडे जॉबच्या मापाने कोरून घेण्यात) १८. टूल लावून ऑफसेट घेण्यात (टूलच्या टोकाची जागा मशीनला सांगण्यात) १६. प्रोग्रॅम लोड करायला ४. आणि पहिला पीस क्वालिटीत नेऊन 'ओके' यायची वाट पाहण्यात २२.

शेवटचा आकडा पाहून मामा म्हणाले, "हे तर मी दहा वर्षं सांगतोय." कुणाला सांगत होते ते विचारलं नाही.

लक्ष्य ठरवलं: चार आठवड्यांत ४५ मिनिटं. तारीख घालून ते बोर्डवर लिहिलं. लक्ष्य कसं गाठायचं हे त्या दिवशी ठाऊक नसलं पाहिजे. ठाऊक असेल तर कोचिंगची गरज नाही, सरळ कामाची यादी करा.

इथे सुपरवायझरला एक मोह होतो. त्याने कॉलेजात शिगेओ शिंगोंचं डाय बदलण्याचं तंत्र वाचलेलं असतं. १९६९ साली टोयोटातल्या १,००० टनी प्रेसच्या डाय बदलायला चार तास लागत, ते दीड तासावर आले आणि मग तीन मिनिटांवर. गोष्ट खरी आहे, पण पहिल्या दिवशी सांगू नका. त्यातलं एकच हत्यार द्या, तेही आकडे समोर असताना: मशीन बंद असतानाच करावं लागतं ते काम कोणतं आणि मशीन चालू असताना उरकता येईल ते कोणतं? मामांनी कागद घेतला आणि शोधाशोधीच्या १४ मिनिटांवर गोल केला. बाकीचं त्यांचं त्यांनाच सुचत गेलं.

रोजची दहा मिनिटं

रोज एकच वेळ, मशीनपाशी, उभ्याने. आम्ही सकाळच्या चहानंतरची वेळ धरली. केबिनमध्ये घेतलं की त्याची मीटिंग होते, आणि मीटिंगमध्ये आपली माणसं ऐकायला बसतात. प्रश्न पाच, रोज तेच, त्याच क्रमाने. सुपरवायझरने ते कार्डावर लिहून खिशात ठेवायचे आणि सुरुवातीला बघून विचारायचे. त्यात कमीपणा काही नाही.

पहिला: आपल्याला कुठे पोचायचंय?
दुसरा: आज कुठे आहोत? इथेच थांबून कालच्या पावलाबद्दल विचारायचं: काय करायचं ठरलं होतं, काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, त्यातून काय कळलं?
तिसरा: आड काय काय येतंय, आणि त्यातलं आत्ता कोणतं एक धरलंय?
चौथा: पुढचं पाऊल काय, आणि त्याने काय होईल असं वाटतं?
पाचवा: ते झालं की बघायला कधी येऊ?

पहिल्या आठवड्यातलं एक बोलणं जसं झालं तसं देतो.

"मामा, कुठे पोचायचंय?"
"पंचेचाळीसवर, सर."
"काल किती लागले?"
"अडुसष्ट. सामान आधीच ट्रॉलीत लावून ठेवलं होतं, त्यामुळे शोधाशोध गेली. पण दहा मिनिटं वाचतील म्हटलं होतं, सहाच वाचली."
"मग काय कळलं?"
"बारा नंबरची अॅलन की ट्रॉलीत होती, पण शेजारच्या मशीनवाल्याने उचलली."
"आता कोणती अडचण धरताय?"
मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. सुपरवायझरही बोलला नाही. मी घड्याळ पाहिलं, पंधरा सेकंद असतील, पण फार वाटली. मग मामा म्हणाले, "जॉ. सर, माझ्याकडे एक पट्टी आहे. दाखवू का?"

पट्टी लॉकरमधून बाहेर आली. त्या क्षणी सुपरवायझर काय बोलतो यावर पुढचा सगळा महिना अवलंबून होता. "अरे वा, छान!" हे तर सगळ्यात निरुपयोगी उत्तर, कारण त्यानंतर बोलणंच संपतं. त्याने विचारलं, "हिने किती वाचतील असं वाटतं?" मामांनी अंदाज दिला: जॉचं काम १८ वरून १० वर. अंदाज कागदावर लिहिला गेला. ही लिहिण्याची पायरी गाळू नका. अंदाज लिहिलेला नसला, की प्रयोगानंतर प्रत्येक जण म्हणतो, मला वाटलंच होतं.

दुसऱ्या दिवशी आले १३. का अडलं ते मामांनीच शोधलं. जॉच्या दात्यांत बारीक चिप अडकत होती, त्यामुळे जॉ नीट बसत नव्हता आणि बोअरिंगचा एक कट जास्त घ्यावा लागत होता. पुढचं पाऊल: चकपाशी साखळीने बांधलेला तारेचा ब्रश. मग जॉना आणि चकच्या स्लॉटना १, २, ३ असे नंबर पंच केले, म्हणजे जो जॉ जिथे बोअर झाला तिथेच परत बसेल. त्या आठवड्याच्या शेवटी जॉचं काम ९ मिनिटांवर होतं.

क्वालिटीतली २२ मिनिटं मात्र मामांच्या हातात नव्हती. इथे कोचचं दुसरं काम सुरू होतं. जी भिंत शिकणाऱ्याला हलवता येत नाही, तिच्यापाशी साहेबाने स्वतः जायचं. सुपरवायझर क्वालिटीच्या माणसाकडे गेला. तिकडे एका मेजावर पाच मशीनचे पीस रांगेत पडलेले. शेवटी ठरलं की सेटिंग सुरू होतानाच क्वालिटीला निरोप जाईल, आणि ज्या मापांना गो-नोगो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं साधन) आहे ती मामा मशीनवरच तपासून शीटवर लिहितील. क्वालिटीचा माणूस उरलेली तीन मापं बघेल.

कुंपण आधीच घाला

'काहीही करून बघा' असं सांगणं ऐकायला गोड लागतं, पण ते धोक्याचं आहे. गाड्यांच्या पार्ट्सच्या धंद्यात प्रोसेस ग्राहकाने मंजूर केलेली असते. माणूस, मशीन, मटेरियल किंवा पद्धत बदलली की फोर-एम चेंजची नोंद करावी लागते आणि काही बदलांना ग्राहकाची परवानगी लागते. त्यामुळे मशीनपाशी दोन याद्या लावा.

लाल यादीत: गार्ड, इंटरलॉक, लाइट कर्टन अशी सुरक्षेची साधनं, ड्रॉइंगमधलं कुठलंही माप, मटेरियल, हीट ट्रीटमेंट, इन्सर्टचा (टूलच्या टोकाला बसणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याचा) ग्रेड, तपासणीची वारंवारता. यांना हात लावायचा तर आधी विचारायचं. हिरव्या यादीत: सामानाची जागा, कामाचा क्रम, खुणा, रंग, ट्रॉली, मांडणी, शोधायला लागू नये म्हणून केलेली कुठलीही सोय. इथे कुणाला विचारायचं नाही, फक्त अंदाज लिहून करायचं. वरची गेजची सोय लाल यादीतली होती. ती क्वालिटी हेडच्या सहीने झाली.

लाल यादी आखूड ठेवा. सगळंच लाल केलंत तर तुम्ही परत सजेशन बॉक्सपाशी येता.

जॉब बिघडला त्या दिवशी

तिसऱ्या आठवड्यात बिघडला. ऑफसेटचा वेळ कमी करायला मामांनी टूल होल्डरांच्या जागा कायमच्या ठरवल्या. पण एका होल्डरमध्ये इन्सर्ट नीट बसला नव्हता, आणि सहा जॉब अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान गेले. कंपनीच्या खात्यावर पाच ठरले होते. सहाव्यावरून चर्चा सुरू व्हायच्या आत सुपरवायझरने कार्ड काढलं आणि दुसरा प्रश्न विचारला: काय होईल असं वाटलं होतं, आणि काय झालं?

हे सोपं नसतं. डिस्पॅचचा माणूस मागे उभा असतो. तरी त्या दिवशी आवाज चढला असता, तर पुढचे बिघडलेले जॉब स्क्रॅपच्या ट्रॉलीत खाली दडपले गेले असते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीमकडून चुका कमी होत असतील असा त्यांचा कयास होता. आकडे उलटे आले: चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. पुढे उलगडलं ते असं, की त्या टीममध्ये चूक सांगायची भीती नव्हती म्हणून चुका नोंदल्या जात होत्या. तुमच्या शॉपचं रिजेक्शन कोचिंगच्या पहिल्या महिन्यात थोडं वाढलेलं दिसलं, तर आधी हे तपासा की जॉब जास्त बिघडताहेत की जास्त दिसताहेत.

शब्दांचंही तसंच आहे. शिंगो चूक होऊच नये म्हणून केलेल्या सोयीला आधी 'बाका-योके' म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. एका कारखान्यात साहेबाने हे नाव घेऊन सोय समजावली तेव्हा तिथल्या एक कामगार बाई रडायला लागल्या. शिंगोंनी नाव बदलून 'पोका-योके' केलं. पोका म्हणजे नकळत झालेली चूक. आपल्याकडेही "गाढवालाही जमेल असं करून ठेवलंय" हे वाक्य टूल रूममध्ये सर्रास ऐकू येतं.

मोठ्या कंपन्यांना हे उमगलेलं आहे. टाटा समूहाच्या इनोव्हिस्टा उपक्रमात फसलेल्या धाडसी प्रयत्नांसाठी 'डेअर टू ट्राय' असा वेगळा पुरस्कार असतो. वीस माणसांच्या शॉपला पुरस्काराची गरज नाही. बोर्डवर 'काय कळलं' असा एक रकाना ठेवा आणि त्यात फसलेला प्रयोग करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहावा.

कोचची जीभ

मागे उभं राहून ऐकताना मला सगळ्यात जास्त काम इथेच लागलं.

मराठीत 'का' हा प्रश्न आरोपासारखा लागतो. "असं का केलंत?" म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. "काय बघून असं ठरवलंत?" म्हटलं की तो काय पाहिलं ते सांगतो.

दुसरी खोड म्हणजे प्रश्नाच्या पिशवीत घालून दिलेलं उत्तर. "मामा, ब्रश बांधला तर बरं नाही का होणार?" हा हुकूम आहे. मामा "हो सर" म्हणणार, ब्रश बांधणार, आणि तो नाही चालला तर तो सरांचा ब्रश. उत्तर माहीत असूनही गप्प बसणं डिप्लोमावाल्याला जड जातं. आम्ही युक्ती केली. उत्तर सुचलं की त्याने ते कार्डाच्या मागे लिहायचं आणि कार्ड खिशात ठेवायचं. महिनाअखेर त्याने मोजलं, तर त्यातली निम्मी उत्तरं मामांनी स्वतः काढली होती, काही त्याहून बरी, आणि दोन-तीन सुपरवायझरची सपशेल चुकीची होती.

गप्प बसणं कुठे चुकतं तेही सांगतो. हात मशीनमध्ये जाणार असेल तर प्रश्न विचारू नका, ओरडा. नव्या पोराला मायक्रोमीटर धरता येत नसेल तर धरून दाखवा, त्याला "तुला काय वाटतं" विचारणं म्हणजे छळ. आणि गाडी गेटवर उभी असेल तर त्या दिवशीची दहा मिनिटं उद्यावर ढकला, पण ढकलली असं सांगून.

ऑफिसात किंवा हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर टीममध्ये हेच करायचं असेल, तर मशीनच्या जागी एखादं रोजचं रखडणारं काम घ्या, मंजुरीसाठी पडून राहिलेली बिलं, टेस्टिंगला अडकलेला बदल असं काहीही. टोकाचे बिंदू, लिहिलेला अंदाज आणि पाच प्रश्न तेच. तिथे एकच अडचण जास्त असते: त्रास डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो आधी भिंतीवर मांडावा लागतो.

दुसऱ्या शिफ्टपर्यंत

चार आठवड्यांनी सेटिंग ४८ मिनिटांवर आलं, ४५ वर नाही. बोर्डवर ४८ च लिहिलं. मालकांनी मामांना गेटवर हार घालायचं ठरवलं होतं, मामा म्हणाले हार नको, ट्रॉलीला चांगली चाकं द्या. चाकं दोन दिवसांत आली. इनाम छोटं चालतं, उत्तर उशिरा आलेलं चालत नाही. 'होणार नाही' हेही उत्तर आहे, पण ते कारणासकट आणि आठवड्याच्या आत.

मग पट्टी रीतसर टूल रूममध्ये बनवून घेतली, नंबर टाकला, मशीनच्या हुकाला टांगली, फोटोसह एका पानाची सेटिंग शीट लावली. शीटखाली मामांचं नाव. दुसऱ्या शिफ्टच्या सेटरने पहिल्याच रात्री तक्रार केली की तिसरी खाच चुकीच्या जागी आहे. त्याचं बरोबर होतं. मामांची कानस तिथे जरा घसरली होती आणि टूल रूमने ती चूकही इमानदारीने उतरवली होती.

पाचव्या आठवड्यात मामांना एका ट्रेनी पोराचा कोच केला. मामांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला, पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. तिसऱ्याला पोरगं अडलं. चार सेकंद गेली असतील. मामा म्हणाले, "अरे, जॉ साफ नाहीये, दिसत नाही का तुला?"

मागे उभा असलेला सुपरवायझर खोकला. मामांनी वळून पाहिलं, कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं.